आमच्या झाडीपट्टीत येताना

दिवाळी सरली की आमच्या घरचा दूरध्वनी बोलका होतो. पलीकडे पुण्याची, नाशिकची, ठाण्याची माणसे असतात; काही नात्यातली, काही ओळखीतली, काही ओळखीच्यांच्या ओळखीतली. विचारणारा बहुधा मुलगा असतो किंवा सून, आणि प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. आईंना एकदा ताडोबा पाहायचा आहे, बाबांनी हेमलकशाचा ध्यास घेतला आहे, वय चौऱ्याहत्तर, मधुमेह आहे, गुडघे कुरकुरतात, आणावे का? चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या मधोमध, मूल येथे माझे चाळीस वर्षांचे वास्तव्य आहे आणि एवढ्या काळात या प्रश्नाचे माझे उत्तर बदललेले नाही. जरूर आणावे. फक्त तरुणांच्या सहलीत त्यांना कोंबून आणू नये. सहल त्यांच्या औषधांच्या, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा पाहून आखावी आणि तरुणांनी त्या वेळापत्रकात स्वतःला बसवून घ्यावे. पुढील मजकूर आपण स्वतः ज्येष्ठ असाल तर आपल्यासाठी आहे, आणि कुणाचा हात धरून येणार असाल तर तो आपल्यासाठी थोडा अधिकच आहे.

प्रथम ऋतूचे. आमच्याकडे येण्याचे दिवस म्हणजे नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर. ताडोबाचे जाणकार आपल्याला सांगतील की वाघ पाहायचा तर एप्रिल-मेमध्ये या. पाणी आटते, गवत वाळते, वाघ पाणवठ्यावर हमखास येतो. वाघाच्या बाजूने त्यांचे म्हणणे खरे आहे. पाहणाऱ्याच्या बाजूने मात्र विचार करावा लागतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो आणि देशातील सर्वाधिक तापलेल्या शहरांत आमचे नाव दरवर्षी वृत्तपत्रांत झळकते. त्या उन्हात उघड्या जिप्सीत चार तास बसणे पासष्टीपुढच्या माणसाने टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. होळीनंतर तर नकोच. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंद होते. शरीरातले पाणी उतरले तरी घसा कोरडा पडल्याचे कळत नाही. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी पाणी आणि क्षार आणखी कमी करते. कंपवातावरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी घाम येणेच कमी होते, म्हणजे शरीर थंड ठेवण्याची निसर्गाने दिलेली सोय बंद पडते.

लग्नकार्यासाठी उन्हाळ्यात यावेच लागले, तर दहा ते पाच घराबाहेर पडू नये, तहान लागो न लागो ठरावीक वेळाने पाणी, ताक, पन्हे घेत राहावे (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती घ्यावे ते डॉक्टरांना विचारून), आणि डोक्याला आमच्यासारखा दुपट्टा गुंडाळावा. खिशात कांदा ठेवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. तो अवश्य ठेवा, त्याने अपाय होत नाही. पण त्याच्या भरवशावर दुपारी बाजारात जाऊ नका. आणि एक खूण काळजीवाहकांनी पक्की लक्षात ठेवावी : उन्हातून आलेला म्हातारा माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, अंग तव्यासारखे तापले, तर तो थकलेला आहे असे समजून झोपवू नये. तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

पावसाळ्यात आमचे जंगल सर्वांत देखणे असते, हे मी मान्य करतो. पण जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा कोअर भाग पर्यटकांसाठी बंद असतो, भामरागडची पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तो तालुका जगापासून तुटतो, आणि डासांचे राज्य सुरू होते. तेव्हा तो देखणेपणा आमच्यासाठी राहू द्यावा.

येण्याचा मार्ग सोपा आहे. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील चंद्रपूर आणि बल्लारशाह ही स्थानके आपल्याला सोयीची. बल्लारशाहला गाड्या अधिक थांबतात. चाकाच्या खुर्चीची गरज असेल तर ती आधी सांगून ठेवावी, कारण पादचारी पूल चढणे हे गुडघ्यांना पहिल्याच तासात दमवणारे काम आहे. नागपूरपर्यंत येऊन मोटारीने यायचे असल्यास चंद्रपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे, आणि वाटेत वरोऱ्याला आनंदवन लागते. ते ओलांडून पुढे जाऊ नये. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या या वसाहतीत चालायला सपाट वाटा आहेत, सावली आहे, घाई नाही. आपल्या पिढीतील काहींच्या मनात कुष्ठरोगाचे भय अजून घर करून आहे. माझ्या एका वृद्ध पाहुण्या तेथे पाणी प्यायलाही तयार नव्हत्या. हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि तेथे तासभर वावरल्याने, कुणाशी हात मिळवल्याने तो होत नाही. मुलांनी हे आईवडिलांना आनंदवनाच्या दारात समजावत बसण्यापेक्षा घरून निघतानाच सांगितलेले बरे.

दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असेल तर मुक्काम चंद्रपूर शहरात आणि घुग्घुसच्या बाजूला ठेवू नये. कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र, ट्रकांची रांग. हिवाळ्याच्या सकाळी ही धूळ आणि धूर खालीच साचून राहतो. शहर पाहावे ते दुपारी अकरानंतर. गोंडराजांचा परकोट, त्याचा जटपुरा दरवाजा, राणी हिराईने पती बीरशहाची बांधलेली समाधी, अंचलेश्वर आणि महाकाली ही मंदिरे दोन-अडीच तासांत सावकाश होतात. चैत्रातील महाकालीची यात्रा मोठी असते, पण ऊन आणि गर्दी दोन्ही एकत्र; त्या दिवसांत देवीला दुरून नमस्कार करावा.

आता ताडोबा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे जंगल आज अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याला अनेक प्रवेशद्वारे आहेत. चंद्रपूरकडून येणाऱ्यांना मोहर्ली जवळचे, नागपूरकडून येणाऱ्यांना कोलारा किंवा नवेगाव. मंगळवारी प्रकल्प बंद असतो. नोंदणी आधी करावी लागते आणि ज्या ओळखपत्रावर नोंदणी केली ते मूळ ओळखपत्रच जवळ लागते. बाबांचे आधारकार्ड पुण्याच्या कपाटात राहिले म्हणून दारातून परतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. कोअर भागात भ्रमणध्वनी नेता येत नाही. चार तास आपला कुणाशी संपर्क नसेल, हे घरी राहिलेल्यांना सांगून ठेवावे.

जिप्सी हे वाहन वाघ पाहणाऱ्यांसाठी असेल, मणक्यांसाठी नाही. चढायला ते उंच आहे. एक लहान, न डगमगणारे स्टूल बरोबर आणावे किंवा मुक्कामाच्या ठिकाणी मागून घ्यावे; चढताना एकाने पुढून हात द्यावा, दुसऱ्याने मागे उभे राहावे. मागची उंच बैठक छायाचित्रांसाठी सर्वांना हवी असते, पण ती चाकांच्या वर येते आणि प्रत्येक खड्डा तेथे दुप्पट लागतो. ज्येष्ठांना मधल्या रांगेत बसवावे, पाठीशी उशी द्यावी, आणि चालकाला निघतानाच सांगावे की वाघासाठी गाडी पळवायची नाही. चांगले चालक ऐकतात. हाडे ठिसूळ झाली असतील, मणका पूर्वी दबला असेल, डोळ्यांची किंवा सांध्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर जिप्सीचा हट्ट धरू नये. मोहर्लीच्या रस्त्यावर बंद मोटारीतूनही चितळ, सांबर, मोर, एखादवेळी गवा दिसतो. वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसलेले पाहुणे मी पुष्कळ पाहिले. साठ वर्षांची सांगाती असलेले एक जोडपे मात्र चितळांच्या कळपासमोर अर्धा तास नुसते बसून होते, आणि मागच्या बैठकीवरचा नातू ‘चला ना’ म्हणून मेटाकुटीला आला होता.

हिवाळ्यात सकाळची फेरी सहाच्या सुमारास सुटते. धावत्या उघड्या गाडीत वारा हाडांपर्यंत जातो. कानटोपी, हातमोजे, पायमोजे आणि गुडघ्यांवर घ्यायला घोंगडी हवी. ऊन चढले की एकेक थर उतरवता येतो. मधुमेहींनी येथे फार सावध राहावे. पहाटे पाचला इन्सुलिन टोचायचे आणि नाश्ता साडेदहाला करायचा, हा क्रम धोक्याचा आहे. गोळी-इन्सुलिनच्या वेळा त्या दिवशी कशा बदलाव्यात, हे गावी असतानाच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून आणावे. निघण्यापूर्वी थोडे खाऊन घ्यावे. जंगलात खाण्यावर निर्बंध असतात, म्हणून साखरेचा त्रास असल्याचे गाईडला आधी सांगावे आणि ग्लुकोज किंवा खडीसाखर पिशवीत न ठेवता खिशात ठेवावी. थरथर, घाम, चिडचिड सुरू झाली की पिशवी शोधायला वेळ नसतो. लघवीचा प्रश्न बायका बोलून दाखवत नाहीत आणि पाणीच पीत नाहीत. तसे करू नये. गाडीतून ठरलेल्या थांब्यावरच उतरता येते, हे खरे. पण लघवीची गोळी त्या सकाळी उशिरा घेतली तर चालेल का, एवढे डॉक्टरांना विचारले की अर्धा प्रश्न सुटतो. शोषक कपडे वापरण्यात लाज नाही. आणि फेरी एकच करावी. तीन दिवसांत चार फेऱ्या हा तरुणांचा हिशेब आहे.

यापुढचे मी जरा आग्रहाने सांगतो. आपल्यापैकी अनेकांचा पहाटे फिरण्याचा नेम असतो. तीस वर्षे चुकला नाही, असे अभिमानाने सांगतात. आमच्याकडे तो नेम मोडावा. बफरमधील गावांत, शेतालगतच्या विश्रामगृहांत, तलावाच्या पाळीवर, पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने पायी जाऊ नये. वाघ, बिबट्या आणि अस्वल यांची हीच फिरण्याची वेळ असते. वाकून बसलेला किंवा काठी टेकत हळू चालणारा माणूस बिबट्याला माणूस वाटेलच असे नाही. ऊन चांगले वर आल्यावर, कुंपणाच्या आत, सोबतीने फिरावे. येथे जाता जाता सांगायला हवे की जिप्सीतल्या पाहुण्याला वाघाचे भय जवळपास नसते. ते भय मोहफुले वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बाईला असते, तेंदूपाने तोडणाऱ्याला असते, गुराख्याला असते. आपण वाघ दिसला म्हणून आनंदाने परतता, त्याच आठवड्यात जवळच्या एखाद्या गावात कुणाचे तरी दिवस चाललेले असू शकतात. मोहर्लीच्या चहावाल्याला ‘वाघाने कुणाला मारले का हो?’ असे हसत विचारणारे पाहुणे म्हणून मला आवडत नाहीत.

ज्यांच्या घरी विस्मरणाचा रुग्ण आहे, त्यांनी या मुद्द्यावर थांबून विचार करावा. संध्याकाळ झाली की अशा रुग्णाचा गोंधळ वाढतो, आणि परक्या खोलीत तो दुप्पट होतो. रात्री उठून ‘घरी जायचे’ म्हणून दार उघडणे ही शहरात काळजीची गोष्ट आहे; येथे दाराबाहेर दहा पावलांवर जंगल असते. अशा माणसाला आणूच नये, असे मी म्हणणार नाही. एका बाईंना त्यांच्या लेकीने दोन वर्षांपूर्वी आणले होते. नातीचे नाव त्यांना आठवत नव्हते, पण मूलच्या तलावाकाठी त्या पक्ष्यांकडे पाहत तासभर शांत बसल्या. त्या लेकीने जे केले ते सर्वांनी करावे. मुक्काम जंगलाच्या कडेच्या तंबूत न घेता गावातल्या पक्क्या खोलीत घेतला. दाराला वरची कडी आहे ना, हे आधी विचारले, आणि कडीला पितळी घंटा बांधली. घरची चादर, घरचा पेला आणि रात्रीचा मंद दिवा बरोबर आणला. स्वतःचा पलंग दारापुढे आडवा लावला. व्यवस्थापकाला आणि रात्रीच्या पहारेकऱ्याला आईची ओळख करून दिली, आणि आईच्या स्वेटरच्या आतल्या बाजूला नाव व दूरध्वनी क्रमांक शिवला. दोन रात्री घंटा वाजली. दोन्ही वेळा ती जागी झाली.

सफारीपेक्षा कमी श्रमाची आणि माझ्या मते अधिक समाधानाची ठिकाणे म्हणजे आमचे तलाव. गोंडकाळापासून या मुलखात तळी बांधली गेली; मालगुजारी तलाव म्हणून ती आजही धानाला पाणी देतात. घोडाझरी, आसोलामेंढा, चंद्रपूरजवळचे जुनोना येथे मोटार काठाजवळ जाते. थंडीत दूरदेशीचे पक्षी उतरतात. घडीची खुर्ची, दुर्बीण आणि थर्मासमधला चहा एवढा सरंजाम पुरे. सूर्य मावळण्यापूर्वी मात्र उठावे.

देवदर्शनाची ओढ असेल तर गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा पाहावा. वैनगंगा येथे उत्तरवाहिनी होते, म्हणून या स्थानाला विदर्भाची काशी म्हणतात. दगडी मंदिरांच्या भिंतींवर जे कोरीव काम आहे ते दुपारच्या तिरप्या उन्हात जिवंत होते. जमीन ओबडधोबड आहे, उंबरे उंच आहेत आणि दगड तापतो किंवा गारठतो. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी जाड पायमोजे घालून आत जावे आणि बाहेर आल्यावर तळवे तपासून घ्यावेत. महाशिवरात्रीच्या यात्रेत ज्येष्ठांना आणू नये. एखाद्या साध्या मंगळवारी, ताडोबा बंद असतो त्या दिवशी, हे दर्शन छान बसते.

आमचे जेवण म्हणजे भात. झाडीपट्टी हा धानाचा मुलूख. पोळी मागितली तर मिळते, पण मनापासून वाढला जातो तो भातच. मधुमेहींनी भात कमी, वरण आणि भाजी अधिक असे मागावे. कुणी वाईट मानत नाही. रश्श्यावरची तर्री बाजूला काढायला सांगावी. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, तळ्यातले मासे, सांबारवडी हे सारे चाखावे (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, घाबरू नये). मोहाची दारू आग्रहाने पुढे केली जाईल. झोपेची गोळी, साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी यांपैकी काहीही घेत असाल तर हात जोडून नाही म्हणावे. पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीतले प्यावे.

संगीत नाटकावर वाढलेल्या पिढीने एक रात्र झाडीपट्टी रंगभूमीसाठी राखून ठेवावी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरतात आणि रात्रभर नाटके होतात. देसाईगंज म्हणजे वडसा ही तिची राजधानी. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईला हे नाव नवे होते, आम्हाला नव्हते. नाटक उशिरा सुरू होते. दुपारी झोप काढावी, रात्रीची औषधे वेळेवर घ्यावीत, कडेची खुर्ची धरावी आणि मध्यंतरात उठायला संकोच करू नये.

हेमलकशाचा विचार वेगळा करावा लागतो. १९७३ च्या २३ डिसेंबरला भामरागडजवळ लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य तेथे घातले. ते पाहण्याची इच्छा मी समजू शकतो. पण नागपूरहून हा पुरा दिवसाचा प्रवास आहे. आष्टी-आलापल्ली भागात सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्यांची आणि त्यावरून जाणाऱ्या पाठींची परीक्षा पाहिली आहे. म्हणून हा प्रवास दोन टप्प्यांत करावा, मूल, गडचिरोली किंवा आलापल्लीला रात्र काढावी. आलापल्लीच्या पुढे जुन्या सागवानांचे राखलेले वन लागते. मान वर करून पाहताना चक्कर येणाऱ्यांनी गाडीला टेकून पाहावे. ज्यांना गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे, ज्यांना प्राणवायू लागतो, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, त्यांनी आलापल्लीच्या पुढे जाऊ नये. अहेरीला उपजिल्हा रुग्णालय आहे, हेमलकशाचे रुग्णालयही आहे. परंतु झटक्यानंतरच्या पहिल्या तासांत जी तपासणी आणि जे उपचार लागतात त्यासाठी मोठ्या शहराकडे धाव घ्यावी लागते, आणि तेथून ते शहर फार दूर आहे. ही गोष्ट बाबांना स्पष्ट सांगावी. निर्णय त्यांचा असू द्यावा, पण अंतर त्यांना ठाऊक असावे.

औषधे मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची घ्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागावीत. आतल्या तालुक्यांत आपला नेहमीचा ब्रँड मिळणार नाही, म्हणून औषधाचे मूळ नाव आणि मात्रा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. इन्सुलिन मोटारीत ठेवून उतरू नये. भ्रमणध्वनीला अनेक ठिकाणी संपर्क नसतो. महत्त्वाचे क्रमांक कागदावर हवेत. थोडी रोख रक्कम हवी. लोक सर्वांत आधी नक्षलवाद्यांविषयी विचारतात. माझे सांगणे एवढेच की आत जाण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करावी, प्रवास दिवसाउजेडी संपवावा आणि पोलीस चौक्यांची छायाचित्रे काढू नयेत. माडिया घरांसमोर कॅमेरा धरण्यापूर्वी परवानगी घ्यावी. रुग्णालयाच्या रांगेत तर तो काढूच नये. ‘जोहार’ म्हणून नमस्कार केला की चेहरे खुलतात.

झोपायला पलंग आणि मच्छरदाणी, या दोन गोष्टींवर तडजोड नको. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड होणे एवढेच दिसते. पलंग, खोचलेली मच्छरदाणी आणि उशाशी विजेरी असली की बरेच टळते. दंशाची नुसती शंका आली तरी आवळपट्टी न बांधता, मांत्रिकाकडे न थांबता सरकारी रुग्णालय गाठावे.

मच्छरदाणीचे दुसरे कारण मोठे आहे. राज्यातील हिवतापाचा फार मोठा वाटा गडचिरोली उचलते, आणि त्यात मेंदूपर्यंत जाणारा फॅल्सिपेरम हा प्रकार अधिक. संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या त्वचेला डास पळवणारे मलम, आणि प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात का हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे, एवढे करावेच. तरीही खरा प्रश्न परत गेल्यावर उभा राहतो. माझे थोरले मेहुणे एका नोव्हेंबरात एटापल्लीकडे दोन रात्री राहून पुण्याला परतले. बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. त्यांच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या साथीचा ताप समजून औषध दिले. ते गडचिरोलीला गेले होते हे कुणी सांगितलेच नव्हते, आणि पुण्यात राहणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थाला कुणी ते आपणहून विचारत नाही. चौथ्या दिवशी वहिनींचा दूरध्वनी आला, भाऊ ग्लानीत आहेत, काहीबाही बोलतात. माझ्या पत्नीने दुसरा शब्द न बोलता विचारले, ‘मलेरियाचं रक्त तपासलं का?’ त्या रात्री तपासले. फॅल्सिपेरम निघाला. पाच दिवस ते रुग्णालयात होते, मूत्रपिंडांवर परिणाम होऊ लागला होता, तो थोडक्यात थांबला.

तेव्हा परतल्यावर महिनाभर कधीही ताप आला, तर दवाखान्यात पहिले वाक्य हे असावे : ‘आम्ही गडचिरोलीला जाऊन आलो आहोत, मलेरियाची तपासणी करा.’ वृद्धांना कधी थंडी वाजत नाही, ताप बेताचा असतो, नुसता अशक्तपणा आणि गोंधळ दिसतो. तरीही हेच वाक्य. तात्काळ निदानाची पट्टी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते, सरकारी केंद्रात ती मोफत असते. एकदा नकारार्थी आली आणि ताप राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. हिवतापाचा व्हायवॅक्स हा दुसरा प्रकार कित्येक महिन्यांनीही डोके वर काढू शकतो. परतीच्या तारखेसह हे वाक्य लिहून औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावे, म्हणजे सांगायला आपण शुद्धीत असण्याची गरज राहत नाही.

मेहुणे पुढच्या जानेवारीत पुन्हा आले. या वेळी स्वतःची औषधयुक्त मच्छरदाणी घेऊन आले, आणि ती बांधायला आमच्या भिंतीला धड चार खिळे नाहीत म्हणून पहिल्याच रात्री बहिणीशी भांडले.